लेकुरवाळ्या घराला छप्पर लागतं

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

एरवी मी इथे रावपुऱ्यातल्या जुन्या बिऱ्हाडाबद्दल लिहिते, नाहीतर कमाटीबागेतल्या आगगाडीबद्दल. आज आठवणही आहे, पण मुळात मी भांडायला आलेय. भांडण माझ्या मुलाशी आहे आणि थोडंसं तुमच्याशीही. का, ते पुढे सांगते.

आम्ही १९८३ पासून गोरव्यात. तेव्हा पंचवटीच्या पुढे रात्री रिक्षावाले यायला कुरकुर करायचे. ह्यांची नोकरी बीआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझरची, म्हणून घर इकडे घेतलं. मुलगा इथेच वाढला, कलाभवनातून इंजिनिअर झाला, आज ३९ वर्षांचा आहे. पगार चांगला आहे. सूनबाई नोकरी करते, सध्या बाळासाठी रजेवर आहे. नात पाच वर्षांची, नातू अकरा महिन्यांचा. दृष्ट लागू नये असं घर.

तर आमच्या चिरंजिवांनी येत्या दसऱ्याला गाडी घ्यायची ठरवलीय. गाडी आहे आधीची, दहा वर्षांची हॅचबॅक, ती आता बदलायला हवी हे मलाही मान्य आहे. पण ह्याने जी पसंत केलीय ती आहे उघड्या छपराची. जर्मन, दोन दारांची, बटण दाबलं की कापडी छप्पर घडी होऊन डिकीत जातं. पुढे दोन सीटा, मागे नावाला दोन. पाच वर्षं वापरलेली, किंमत ५५ लाख. १५ लाख जवळचे आणि ४० लाखांचं कर्ज. "आई, सेकंडहँड आहे म्हणून एवढ्यात मिळतेय," असं मला समजावलं. ते खरंच आहे. मर्सिडीजची सीएलई कॅब्रिओले ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याकडे आली ती शोरूमच्या १ कोटी १० लाखांना. बीएमडब्ल्यूच्या झेड-४ मध्ये तर बसायला दोनच जागा. त्या मानाने हे स्वस्तच म्हणायचं!

घरात हा विषय निघाल्यापासून जो येतो तो सल्ला देतो. तीन प्रकारचे सल्ले ऐकले. तिन्ही मला पटलेले नाहीत, म्हणून हे लिहिणं.

पहिला सल्ला आमच्या वयाच्या लोकांचा. "पैशाची मस्ती आहे. आपण मराठी माणसं, साधी राहणी बरी." हे मला मान्य नाही. त्याने मेहनतीने मिळवलेत, त्याला हौस करायचा अधिकार आहे. हे म्हणणाऱ्यांच्याच घरी लग्नात किती पैसे उधळले ते मी पाहिलेलं आहे. साधेपणाचा उपदेश दुसऱ्याच्या मुलाला करणं फार सोपं असतं. मी माझ्या मुलाला "गाडी घेऊ नकोस" म्हणत नाहीये. "ही गाडी, आत्ता, ह्या घरासाठी घेऊ नकोस" एवढंच म्हणतेय.

दुसरा सल्ला त्याच्या मित्रांचा. "घे रे, एकदाच जगायचं असतं." अहो, पण ह्या गाडीत चार जण जगणार आहेत ना? त्यातल्या दोघांना तर कोणी विचारलेलंच नाही.

तिसऱ्या सल्ल्याकडे शेवटी येते. तो तुमचा आहे.

आधी गाडीबद्दल बोलू. मी काही न बघता विरोध केलेला नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी डीलरचा माणूस ती गाडी दाखवायला सोसायटीत घेऊन आला. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. समोरच्या बंगल्यातला मुलगा धावत आला, "मासी, गाडी तो जोरदार छे!" सोसायटीच्या फाटकापाशी जो स्पीडब्रेकर आहे, त्यावर खालून खरकन आवाज आला आणि डीलरचा माणूस ओशाळून हसला. असे स्पीडब्रेकर आमच्या घरापासून गोरव्याच्या आयटीआयपर्यंत किती आहेत ते मोजून घ्या.

मग मी म्हटलं, आता बाळाची सीट बसवून दाखव. अकरा महिन्यांच्या मुलाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावायची असते. धडक बसली तर मानेवर ताण येऊ नये म्हणून. ती मागच्या सीटवर लावायची, पण मागे दार नाही. पुढची सीट वाकवायची, आपण कमरेत वाकायचं, नऊ किलोचं पोर हातात धरून तिरकं आत जायचं आणि पट्टे लावायचे. सूनबाईने दोनदा प्रयत्न केला, मुलाने एकदा. पंचवीस मिनिटं गेली. सीट बसली तेव्हा पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागली की सूनबाईचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मुलगा म्हणाला, "मग बाळाला पुढे बसवू." पुढे एअरबॅग असते. मागे तोंड केलेली सीट तिच्यासमोर असेल आणि ती फुटली तर वाचवणारी वस्तूच पोराच्या जिवावर उठते. म्हणून ती आधी बंद करावी लागते. म्हणजे रोज आठवणीने एक बटण, आणि एक दिवस विसरलं तर? चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाखाली एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा, दंड भरता येतो.

नात मागे बसली, तिचे पाय पुढच्या सीटला लागत होते. आज ती पाच वर्षांची आहे. कर्ज फिटेल तेव्हा दहा वर्षांची असेल. आणि मी? चार सीटा, चार माणसं. सणाला, दवाखान्यात, कारेलीबागेत नणंदेकडे जायचं तर आजी रिक्षाने मागून येणार. मला रिक्षाचं वावडं नाही. पण घराची गाडी घेताना घरातलं एक माणूस मोजणीतच नव्हतं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे मला लागलं.

डिकीचं तेच. छप्पर उघडलं की ते डिकीत जाऊन बसतं. मग बाबागाडी ठेवा नाहीतर छप्पर उघडा. दोन्ही एकदम होत नाही.

आता आपल्या बडोद्याची हवा बघा. मार्चपासून ऊन तापतं, मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. त्या उन्हात उघड्या गाडीत सीटबेल्टचं बक्कल इतकं तापतं की मोठ्या माणसाचा हात भाजेल, तान्ह्याच्या मांडीचं काय सांगावं! जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. ऑक्टोबरची तलखी वेगळी. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात लहान मुलांना सकाळचा गारठा नको, संध्याकाळी डास आणि धूळ. आणि हवा खरोखर छान असते तेव्हा, म्हणजे जानेवारीत, आपल्याकडे काय असतं? उत्तरायण! १४ आणि १५ जानेवारीलाच नव्हे, आधी पंधरा दिवस आणि नंतरही दोऱ्या रस्त्यावर लोंबत असतात. स्कूटरवाले हँडलला तारेची कमान लावतात, गळ्याला मफलर गुंडाळतात, ते उगीच नाही. नायलॉनच्या मांज्यावर हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी मांजा दिसायचा राहिलेला नाही. उघड्या गाडीत पुढच्यांना काच आडवी आहे. पण काचेवरून घसरून वर गेलेली दोरी मागे कुठे जाईल? मागे कोण बसलंय?

म्हणजे वर्षातले फार तर पाच-पन्नास दिवस, तेही काही तास, छप्पर उघडणार. बाकी दिवस ते बंद. मग जे बंदच ठेवायचं त्याचे एवढे पैसे कशाला मोजायचे?

ऑगस्ट २०२४ चा पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३७ फुटांवर गेलं होतं. समा, अकोटा, वडसर, फतेगंज, किती घरांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या! त्यात उंच गाड्याही होत्या, आणि ही तर जमिनीला चिकटून चालते. पाण्यातून नेल्यावर इंजिनात पाणी गेलं तर विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं, हे पुष्कळांना पाणी ओसरल्यावर कळलं.

आता पैशाचं. मी हिशेबाची वही घेऊन बसले. ४० लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता ८४ हजारांच्या आसपास. साठ हप्त्यांचे ५० लाख ४० हजार, म्हणजे १० लाखांवर नुसतं व्याज. वरचे १५ धरून ६५ लाख गेले. विमा, टायर, सर्व्हिस निराळं. पाच वर्षांनी गाडी दहा वर्षांची झालेली असेल, आणि कापडी छपराची मोटर बिघडली तर भाग परदेशातून येईपर्यंत थांबायचं. तोवर तो पगार तसाच चालू राहील ना? सूनबाईने रजा वाढवायची ठरवली तर? हा प्रश्न विचारला तेव्हा मुलगा गप्प झाला. सूनबाई आधीपासूनच गप्प होती. त्या दिवशी मला कळलं की तिला आणखी एक वर्ष बाळाजवळ राहायचंय, आणि हप्ता ऐकल्यापासून तिने ते बोलणंच सोडलंय. मंडळी, गाडीची खरी किंमत ही आहे. ती डीलरच्या कागदावर लिहिलेली नसते.

दुसरीकडे बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालंय. गाडी आपटून बघतात आणि तारे देतात, मोठ्यांच्या सुरक्षेचे वेगळे आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगळे. मुलांसाठी पाच तारे मिळवलेल्या, चार दारांच्या, आजीलाही जागा असलेल्या गाड्या १५ लाखांच्या आत-बाहेर मिळतात. पंधरा लाख त्याच्याकडे आहेत. म्हणजे कर्ज नाही, हप्ता नाही, आणि सूनबाईची रजाही होते.

मुलाचा एक मुद्दा मला आवडला, तो सांगते. म्हणाला, "आई, आपण बडोदेकर. गायकवाडांचं गाव. इथे उघड्या गाड्या काय नवीन आहेत?" जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या मैदानावर जुन्या मोटारींचा तो मोठा मेळा भरला होता, तिथे आम्ही सगळे गेलो होतो. बहुतेक तिथेच हे खूळ डोक्यात शिरलं. पण बाबा रे, त्या जुन्या गाड्या उघड्या का होत्या? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक मोटारी उघड्याच असायच्या. बंद गाडी महाग पडायची, छप्पर ही चैन होती. परवडायला लागल्यावर सगळ्या जगाने छप्पर घेतलं, आणि आपण आता जास्त पैसे देऊन ते काढायला निघालो! शिवाय राजेरजवाड्यांकडे एकच गाडी नसायची. ऊन वाढलं की दुसरी, पाऊस आला की तिसरी. आमच्या पार्किंगमध्ये जागा एकीची आहे. आणि गायकवाडांचंच नाव घ्यायचं तर सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. राजाने पोरांचं आधी बघितलं, हेही त्याच गावाचं आहे ना?

एक गोष्ट मात्र कबूल करते. त्या रविवारी संध्याकाळी पाऊस उघडला होता. मुलगा नातीला आणि मला घेऊन सेवासीच्या रस्त्याला एक चक्कर मारून आला. मी पुढे, ती मागे. छप्पर उघडलं आणि पोरगी ओरडली, "आजी, आभाळ आत आलं!" मलाही मजा वाटली. केस उडत होते, माझं वय दहा वर्षांनी कमी झालं. त्या गाडीत आनंद आहे, तो मी नाकारत नाही. पण परत येताना जरा वेग वाढला तेव्हा ती मागून काही सांगत होती आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. घरी आल्यावर कळलं, तिच्या डोळ्यात कचरा गेला होता आणि ती थांबायला सांगत होती.

आता तुमचा सल्ला. इथे कोणी मुलांच्या सीटचा, हेल्मेटचा विषय काढला की खाली लगेच आठवणींचा पूर येतो. "आमच्या वेळी चौघं एका चेतकवर बसून पावागढला जायचो, काही झालं नाही." "मी तर पेट्रोलच्या टाकीवर बसून मोठा झालो." शेकडो हसरे चेहरे. मुलाने मला हेच ऐकवलं. "बाबांनी मला येझदीच्या टाकीवर बसवून सगळं बडोदं दाखवलं. काय झालं मला?"

काय झालं ते सदतीस वर्षं मी सांगितलं नव्हतं.

१९८८ चा पावसाळा. ह्यांनी सेकंडहँड येझदी घेतली होती, कारखान्याच्या सोसायटीतून कर्ज काढून. स्कूटर घ्या म्हणून मी सांगत होते. पण ह्यांना येझदीच हवी होती, तरुण होते, तिच्या आवाजावर जीव होता. मुलगा दोन वर्षांचा, टाकीवर बसलेला. मी मागे, मांडीवर पिशवी. गोरव्याच्या तलावाजवळ रिमझिम पावसात म्हैस आडवी आली. वेग काहीच नव्हता. ह्यांनी ब्रेक मारला, गाडी घसरली, आणि पोर हँडलवर आपटून खाली चिखलात गेलं. तो रडला नाही. दोन क्षण काही आवाजच आला नाही. ते दोन क्षण मी अजून विसरलेले नाही. मग रडला, आणि मी देवाचे आभार मानले. हनुवटीला चार टाके पडले.

घरी सासूबाईंना, शेजारी सगळ्यांना सांगितलं, हिंचक्यावरून पडला. मुलालाही तेच सांगत आलो. ह्यांनी पंधरा दिवसांत येझदी विकली, तोट्यात. कारखान्यातले लोक म्हणाले, ह्याला हप्ते झेपले नाहीत. ह्यांनी ते ऐकून घेतलं, एकदाही खुलासा केला नाही. पुढची चार वर्षं सायकलने कामाला गेले. येझदीची गोष्ट मात्र रंगवून सांगायचे, फक्त शेवट सोडून. हे जाऊन सहा वर्षं झाली.

गेल्या रविवारी मी हे मुलाला सांगितलं. त्याला आधी सांगितलं, त्याची परवानगी घेतली, मगच इथे लिहितेय. तो बराच वेळ बोलला नाही, नुसता हनुवटीवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "बाबांनी मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, लाज वाटली असेल. आणि तुझी मजेची आठवण त्यांना मोडायची नसेल.

म्हणून मंडळी, "काही झालं नाही" हे वाक्य जरा जपून लिहा. ज्यांना झालं, त्यांच्या घरचे असल्या आठवणी लिहीत नाहीत. आणि आमच्यासारखे पुष्कळ जण झालेलं हिंचक्यावर ढकलून मोकळे होतात. आपण वाचलो ते नशिबाने. आपण चौघं स्कूटरवर बसलो, कारण दुसरं परवडत नव्हतं. ती आपली अडचण होती. अडचणीला संस्कार म्हणून मिरवायचं आणि ज्यांना परवडतं त्यांनीही तसंच करावं म्हणायचं, हा काय न्याय झाला?

हौसेबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. हौस पुढे ढकलता येते, मुलांचं लहानपण पुढे ढकलता येत नाही. उघडी गाडी हवी तर गोव्याला जा. तिथे उघड्या जीपा दिवसाच्या भाड्याने मिळतात. मुलं माझ्याकडे ठेवा, नवराबायको दोघं दोन दिवस फिरून या, केस उडवा, फोटो काढा. पोरं शिकून बाहेर पडली की पन्नाशीत दोन सीटांची घे. तेव्हा मी असले तर हार घालायला मीच येईन, आणि पहिली चक्करही मारीन.

आणि सगळ्या होऊ घातलेल्या आईबाबांना एक सांगते. गाडी बघायला जाल तेव्हा मित्राला नेऊ नका. बाळाची सीट न्या, बाबागाडी न्या, घरातलं सर्वात म्हातारं माणूस न्या. सीट बसवा, म्हाताऱ्याला बसवा, मग सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून एक चक्कर मारा. त्यानंतरही ती गाडी आवडली तर खुशाल घ्या.

आमच्याकडे अजून निर्णय झालेला नाही. टोकन दिलेलं नाही, दसऱ्याला अजून दिवस आहेत. पण काल जेवताना सूनबाई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मला मार्चपर्यंत घरी राहायचंय." मुलाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधी का नाही बोललीस?"

मी भाजी वाढायला उठले. पुढचं त्या दोघांचं आहे.